पक्षाघातानंतर रुग्ण घरी टिकेल का? डिस्चार्जआधी अंदाज बांधायची पद्धत

गोव्यात पक्षाघाताचा रुग्ण इस्पितळातून बहुतेक वेळा घरीच जातो. घरी जाण्याइतका बरा झालेला असतो असं नाही, दुसरीकडे जायला जागाच नसते. जपानमध्ये अशा रुग्णाला पुनर्वसनाच्या वेगळ्या वॉर्डात १५० दिवसांपर्यंत ठेवता येतं, आकलनावर जबर परिणाम झाला असेल तर १८० दिवसांपर्यंत. त्यानंतर हा माणूस घरी जाईल की एखाद्या संस्थेत, याचा अंदाज कसा बांधावा यावर तिथे आणि युरोप-अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झालाय. आपल्याकडे तब्येत स्थिर झाली की काही दिवसांत खाट सोडावी लागते. म्हणजे ‘घरी जाईल का’ याचं उत्तर आधीच ठरलेलं. विचारायचं ते हे: घरी गेलेला माणूस घरी टिकेल का, की पडून, पाठीला जखम होऊन किंवा छातीत कफ साठून पंधरा दिवसांत पुन्हा १०८ बोलवावी लागेल?

मी डिचोली-साखळीपासून फोंड्याच्या आसपास घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते. नातेवाइकांचं सगळं लक्ष चालण्यावर असतं. पण घर कोलमडतं ते संडासाच्या वाटेवर आणि रात्रीच्या जागरणात, असं माझं ठाम मत आहे. खालची पद्धत म्हणूनच या दोन गोष्टींभोवती बेतलेली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी ती वापरायची नाही, त्यांना नेमके प्रश्न विचारता यावेत यासाठी वापरायची.

## एकदा बघून ठरवू नका

पहिल्या दिवशी कुणी ‘हे पळायला लागतील’ म्हणालं किंवा ‘आता काही खरं नाही’ म्हणालं, तर दोन्ही सोडून द्या. मेंदूची सूज, ताप, वरखाली होणारी साखर, गुंगीची औषधं यांमुळे सुरुवातीचं चित्र फसवं असतं. पहिली नोंद तिसऱ्या दिवशी करा, दुसरी आठवड्याने, आणि तिसरी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. शंभर पानी वही पुरे. तारीख, काय जमलं, किती माणसं लागली, एवढंच लिहायचं.

या नोंदींमधला फरक सगळ्यात जास्त सांगतो. आठवड्यापूर्वी कुशीवर वळवायला दोघं लागत होते आणि आज चांगल्या हाताने कठडा धरून स्वतः वळतो, तर हा माणूस वर येतोय. दोन्ही नोंदी सारख्याच असतील तर घरची तयारी जड धरून करायला हवी. कोपनहेगनमधल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ९५ टक्के रुग्णांची रोजच्या कामांतली सुधारणा साडेबारा आठवड्यांच्या आत पूर्ण झालेली दिसली. झटका जितका मोठा तितका वेळ जास्त लागला. आपल्याकडचा डिस्चार्ज बहुधा दुसऱ्या आठवड्यातला, म्हणजे सुधारणेच्या ऐन मध्यावरचा. तेव्हा बांधलेला अंदाज पुढच्या महिना-दीड महिन्यापुरता समजा.

## आधी बसवून बघा, चालणं नंतर

खाटेच्या कडेला रुग्णाला बसवा. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, हात मांडीवर, पाठीला टेकू नाही. एकाने समोर उभं राहायचं, धरायचं नाही, पण हात तयार ठेवायचे. मनात तीस सेकंद मोजा. या वेळात त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, कमरेकडे बघा. अधू बाजूला कलतोय का, बसण सरकतेय का? चांगल्या हाताने गादीची कड घट्ट पकडली असेल तर ते तीस सेकंद धरायचे नाहीत.

एवढ्याशा चाचणीला फार मोल आहे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ७२ तासांच्या आत ज्यांना असं तीस सेकंद बसता आलं आणि अधू पायात थोडी तरी ताकद होती, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालू शकण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांच्यात ती २७ टक्क्यांच्या आसपास होती. हे रुग्ण झटक्यापूर्वी स्वतःचं स्वतः करणारे होते. तुमच्या घरातले आजोबा आधीच गुडघ्यांमुळे काठीवर असतील तर ९८चा आकडा त्यांना लावू नका. आणि २७ टक्के म्हणजे शून्य नव्हे, हे त्यांच्यासमोर बोलताना तरी ध्यानात ठेवा.

हाताचंही तसंच. बोटं थोडी उघडता येणं आणि खांदा बाजूला थोडा उचलता येणं, ही सुरुवातीच्या दिवसांतली चांगली लक्षणं. घरचे हाताची काळजी पायाहून जास्त करतात असं मला दिसतं. पण घरी टिकायचं की नाही हे हातावर क्वचितच ठरतं. एका हाताने जेवणारी, एका हाताने साडीऐवजी गाऊन चढवणारी माणसं घरात व्यवस्थित राहतात.

बसता येत असेल तर पुढची पायरी म्हणजे खाटेवरून खुर्चीत येणं. ही नीट शिकून घ्या, कारण दिवसातून आठ-दहा वेळा करावी लागणार आहे. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, खाटेला थोडी तिरकी लावा. चाकांचे ब्रेक लावलेले, पायपाट्या बाजूला केलेल्या. रुग्णाला कडेवर पुढे सरकवा, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. कमरेला रुंद पट्टा बांधा. नसेल तर सुती ओढणीची घट्ट गाठ चालते. तुमचा गुडघा त्याच्या अधू गुडघ्यासमोर टेकू म्हणून असू दे. मग त्याला पुढे वाकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांवर यावं. वजन पुढे आलं की बसण आपोआप सुटते. तीनच्या मोजणीवर उभा करा, चांगल्या पायावर वळवा, खुर्चीची कड मांडीमागे लागली की बसवा. या सगळ्यात अधू हात धरून ओढायचा नाही, कधीच नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा उतरतो, आणि पुढचे सहा महिने दुखण्यापायी व्यायामच होत नाही.

यात एक माणूस पुरतो की दोन लागतात, हे वहीत ठळक लिहा. दोन लागत असतील तर घरीही प्रत्येक वेळी दोनच लागणार, पहाटे चार वाजतासुद्धा. काही रुग्ण चांगल्या हाताने जोर लावून स्वतःला अधू बाजूकडे ढकलतात. सरळ करायला गेलं तर आणखी ढकलतात. तो त्यांचा हट्ट नसतो, मेंदूला सरळ कुठे हेच चुकीचं कळत असतं. बहुतेकांत ते काही आठवड्यांत ओसरतं, पण तोवर एकट्या माणसाने त्यांना हलवू नये.

## बार्थेलचे शंभर गुण

डिस्चार्जआधी फिजिओथेरपिस्टना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्यांना) विचारा: बार्थेल इंडेक्स किती? म्हणजे रोजची दहा कामं रुग्ण किती स्वतः करतो याचे शंभरपैकी गुण. काही ठिकाणी एफआयएम नावाची १८ कलमांची मोजणी करतात. प्रत्येक कलमाला १ ते ७ गुण, एकूण १८ ते १२६. त्यात ८०च्या वर असलेले साधारण सौम्य, ४०च्या खाली असलेले गंभीर धरतात. पण ती करायला प्रशिक्षण लागतं. बार्थेल सोपा आहे आणि घरच्यांनाही समजतो.

त्याची दहा कलमं अशी: जेवण १०, अंघोळ ५, दात-केस-दाढी ५, कपडे १०, शौचावर ताबा १०, लघवीवर ताबा १०, संडासचा वापर १०, खाट-खुर्ची बदल १५, सपाटीवर चालणं १५, जिने १०. बेरीज १००. आता यातली शौच, लघवी, संडास आणि खाट-खुर्ची ही चार कलमं एकत्र करा. ४५ गुण होतात. चालण्याचे आहेत १५. म्हणजे चालणं जमलं नाही तरी माणूस बरंच काही कमावू शकतो, आणि दहा पावलं चालूनही ओल्या कपड्यांत बसलेला माणूस घरच्यांना जड होतो.

साधारण ६०च्या आसपास पारडं फिरतं, असं पुनर्वसनाच्या क्षेत्रात बऱ्याच वर्षांपासून मानतात. ६०च्या वर असलेल्याला मदत लागते, पण ती थोडी आणि वेळेवारी लागते. ४० किंवा खाली असेल तर बहुतेक सगळंच कुणीतरी करावं लागतं. ८५च्या वर असलेल्याला किरकोळ हातभार पुरतो. ४० ते ६० या पट्ट्यातल्यांचं भवितव्य त्यांच्या अंगापेक्षा त्यांच्या घरावर आणि माणसांवर ठरतं. माझे बहुतेक रुग्ण याच पट्ट्यातले असतात.

गुण देताना ‘करू शकतो’ असं नाही, ‘करतो’ असं बघायचं. बायको भरवते म्हणून पूर्ण गुण द्यायचे नाहीत, आणि एकदा थेरपिस्टसमोर चमचा धरला म्हणूनही नाहीत.

लघवीची नळी लावलेली असेल तर ती काढून बघायचा प्रयत्न डिस्चार्जच्या आधी होणार का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. नळीसकट घरी आणणं सुरुवातीला सोयीचं वाटतं. पुढे जंतुसंसर्गाचा ताप सुरू झाला की सोय महागात जाते. नळी काढल्यावर जागेपणी दर दोन-तीन तासांनी ठरलेल्या वेळी भांडं किंवा कमोड द्यायचा. दिवसभराचं पाणी कमी करू नका, फक्त त्यातलं जास्त संध्याकाळच्या आत पाजा. अशा सवयीने काही आठवड्यांत ताबा परत आलेली माणसं मी पुष्कळ पाहते.

## पाय चांगले, पण डोकं?

डाव्या मेंदूत झटका आला की बहुधा उजवं अंग जातं आणि भाषा जाते. उजव्या मेंदूत आला की डावं अंग जातं, बोलणं राहतं, पण पुष्कळदा डाव्या बाजूचं जगच लक्षातून जातं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा हात चाकात अडकला तरी कळत नाही. नातेवाइकांना पहिला रुग्ण जास्त गंभीर वाटतो, कारण तो बोलत नाही. घरी सांभाळायला दुसरा पुष्कळदा अवघड निघतो. तो गप्पा मारतो, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, आणि कुणाला हाक न मारता रात्री उठतो.

म्हणून वॉर्डमधल्या सिस्टरना विचारा: हे हाक मारून उठतात की तसेच? सिस्टरचं उत्तर इथे कुठल्याही गुणांकनाहून खरं असतं. ताकद कमी पण सावध अशा रुग्णाला मी घरी पाठवायला कमी घाबरते. ताकद बरी पण भान नाही अशाला चोवीस तास डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

स्मरण आणि आकलनाची चाचणी करताना भाषेचं बघा. आपल्याकडे बोलणं कोकणीत, वाचन मराठीत, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, असा कारभार. ज्या आजीने आयुष्यभर घरात कोकणी आणि देवळात मराठी वापरली, तिची परीक्षा हिंदीतून घेतली तर ती नापासच होणार. घरच्या कुणीतरी तिथे उभं राहून प्रश्न तिच्या भाषेत विचारावेत. वाचा गेलेल्यासाठी पुठ्ठ्यावर मोठी चित्रं काढा: पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, झोप. बोट दाखवून मागता आलं तरी रात्र निम्मी सोपी होते.

पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. व्यायामाला ‘नको’ म्हणणं, जेवण टाकणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं याला आळस समजू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

## पेज देताना

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काहीही देऊ नका, तुळशीचं पाणीसुद्धा. तपासणीनंतर कसलं अन्न चालेल ते नेमकं विचारा. इथे आपल्या घरांत एक गडबड हमखास होते. ‘हलकं खाणं’ म्हणून उकड्या तांदळाची पेज देतात. पातळ निवळ आणि त्यात शितं, असा एकाच घासात दोन जातींचा पदार्थ अधू घशाला सगळ्यात अवघड जातो: शितं चावेपर्यंत पाणी श्वासनलिकेकडे जातं. पातळ नको असं सांगितलं असेल तर पेज घोटून, एकजीव, चमच्यावरून सावकाश पडेल इतकी दाट करा. सोलकढी आणि चहा पातळातच मोडतात. मासळी काटे काढून, कुस्करून. भरवताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. जेवताना खोकला येतो, आवाज ओला घरघरता होतो, वारंवार ताप चढतो, यातलं काही दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

नाकातून नळी लावून घरी पाठवत असतील तर निघण्यापूर्वी निदान दोघांनी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने ती फीड द्यावी.

## घर मोजा, फाटकापासून संडासापर्यंत

घरी असलेल्या कुणाला तरी फोनवर व्हिडिओ कॉल लावायला सांगा. फाटकापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून संडासापर्यंत त्याने चालत जायचं, हातात मीटर टेप घेऊन. तुम्ही वॉर्डमध्ये बसून लिहून घ्या, आणि थेरपिस्टना तोच व्हिडिओ दाखवा.

आपली जुनी घरं चिऱ्यांच्या उंच जोत्यावरची. सोप्यावर चढायला तीन-चार पायऱ्या, प्रत्येक खोलीला उंबरठा, आणि न्हाणी-संडास मागच्या दाराला. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण एकास बारा धरतात. सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे २१ इंच, म्हणजे २१ फुटांचा उतार. एवढं अंगण किती घरांना असतं? बांधायला घेण्यापूर्वी हा हिशेब करा, नाहीतर गवंडी पाच-सहा फुटांत उतार ‘बसवून देतो’ आणि तो घसरगुंडी होतो. माझा सल्ला: पहिले तीन महिने उताराच्या नादी लागू नका. आत येताना चार माणसांनी खुर्चीसकट एकदा उचलून आणा, आणि आतल्या जागेवर पैसे घाला. रुग्ण पायऱ्या चढण्याइतका झाला की दोन्ही बाजूंना कठडा बसवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी.

साध्या व्हीलचेअरला साधारण २५ इंच लागतात आणि बाहेर हाताची बोटं राहतात ती वेगळी. दार मोकळं ३२ इंच असेल तर सुखाने जाते. दोन झडपांचं जुनं दार दोन्ही उघडलं की निभावतं. अडतं ते न्हाणीच्या दाराला. तिथे चाकांची कमोड खुर्ची जाते का ते मापूनच खुर्ची घ्या, आणि ती भांड्यावर नीट सरकते का तेही बघा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर भोकाची कमोड खुर्ची वर ठेवून चालतं. बसकीची उंची १८ इंचांच्या आसपास हवी. खाटेचीही साधारण तेवढीच, रुग्ण बसला की पावलं टेकतील इतकी. आधाराचा दांडा चांगल्या हाताच्या बाजूला लावा. तो चिऱ्याच्या किंवा विटेच्या भिंतीत खोल पकडलेला असावा, टाइल्सवर चिकटवलेला चालणार नाही.

संडास घराबाहेर असेल तर पावसाळ्याचा वेगळा विचार करा. जूनपासून परसातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. धडधाकट माणूस घसरतो तिथे हा रुग्ण नेणं नकोच. खाटेशेजारी कमोड, मध्ये पडदा. पुरुषमाणसांना याची फार लाज वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. खोली बदलून पुढच्या सोप्याऐवजी आतली दिली तर पुष्कळदा तयार होतात. हवेची गादी लावणार असाल तर वीज गेल्यावर ती किती वेळ टिकते ते विकत घेतानाच विचारा, आणि इन्व्हर्टरवर तो प्लग घ्या. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलणं चुकत नाही.

## माणसं मोजा, नाती नको

वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एका गोष्टीवर येऊन मिळतात: घरात सांभाळणारं माणूस असणं हे घरी परतण्याचं फार मोठं कारण असतं, कधी कधी गुणांकाहूनही मोठं. आपल्या घरांत ‘माणसं आहेत की’ असं झटकन म्हटलं जातं. मग यादी केली की मोठा मुलगा बोटीवर, धाकटा दुबईत, मुलगी सासरी वास्कोला, सून कुंडईच्या कारखान्यात सकाळी सातला निघते, आणि घरात सत्तरीची आई, जिची स्वतःची कंबर धड नाही.

म्हणून नाती लिहू नका, तास लिहा. चोवीस तासांचा तक्ता काढा आणि प्रत्येक चौकटीत एक नाव भरा. रात्री दहा ते सकाळी सहा या चौकटी आधी भरा. ज्याचं नाव रात्री आहे त्याचं दिवसाला लागोपाठ येऊ नये. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी तपासा: त्याला एकट्याने खाट-खुर्ची बदल जमतो का, त्याची पाठ-गुडघे ठीक आहेत का, आणि त्याने स्वतः हो म्हटलंय का. सुनेच्या वतीने सासूने किंवा नवऱ्याने दिलेला होकार धरायचा नाही. तिला बाजूला घेऊन विचारा. ती नाही म्हणाली तर तेही एक उत्तर आहे, आणि ते आज कळलेलं बरं.

रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची बाई किंवा माणूस ठेवणार असाल तर ती रजेवर जाईल त्या दिवसाचं नावही तक्त्यात हवं. ‘फिजिओ आम्ही घरीच करून घेऊ’ असंही म्हणतात. भारतातल्या १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर झालेली आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेली ‘अटेंड’ नावाची चाचणी नेमकी याचीच होती. त्यात घरच्यांना प्रशिक्षण देऊन व्यायाम करून घ्यायला लावलं होतं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच निघालं. मी त्यातून घेते ते असं: घरच्यांनी सुरक्षित उचलणं, भरवणं, कूस बदलणं यात तरबेज व्हावं, थेरपिस्टची जागा भरून काढण्याचा भार त्यांच्यावर टाकू नये.

## एका रात्रीची तालीम

डिस्चार्जच्या आधी एक दिवस-रात्र वॉर्डमध्ये सगळं घरच्यांनी करायचं. सिस्टर आणि आया फक्त बघतील, चुकलं तर सांगतील. परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. जो माणूस घरी रात्र काढणार आहे त्यानेच ही रात्र काढायची. मावशीने हौसेने काढलेली तालीम कामाची नाही.

सकाळी वहीत बघा. रात्री किती वेळा उठावं लागलं? गादी किती वेळा ओली झाली? औषधं वेळेवर गेली का? सांभाळणारा माणूस सकाळी कामावर जाऊ शकेल असा दिसतोय का? चार-पाच वेळा उठावं लागलं आणि माणूस एकच असेल तर तो गडी महिनाभरात आजारी पडणार, हे सांगायला कुठलंही गुणांकन लागत नाही.

## मग ठरवायचं

आता वही उघडा. टेकूशिवाय बसतो, एका माणसाच्या मदतीने खुर्चीत येतो, लघवी कळते किंवा ठरल्या वेळी होते, गिळण्याचं ठरलंय, आणि रात्रीच्या चौकटीत दोन आलटून-पालटून नावं आहेत, तर बार्थेल ४५ असला तरी घरी न्या. टिकेल.

बदलाला दोन माणसं लागतात, किंवा भान नाही, किंवा रात्रीला एकच नाव आहे, यातलं एक असेल तर घरी नेता येतं, पण ती उणीव आधी भरून. दोन किंवा तीन असतील तर थेट घरी नेऊ नका. चवथ (गणेशचतुर्थी) घरी व्हावी हा हट्ट मला समजतो. पण त्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं, सामान हललेलं, आणि सांभाळणारी बाई नेवऱ्या तळतेय. आठ दिवस पुढे ढकला.

थेट घरी नाही तर कुठे? थेरपी रोज होते अशा ठिकाणी आणखी दोन-तीन आठवडे, परवडत असेल तर. नाहीतर नातेवाइकांपैकी ज्याच्याकडे तळमजल्याचा फ्लॅट आणि कमोड आहे तिथे दोन महिने. गावातलं घर मोठं म्हणून चांगलंच असं नसतं. म्हापशातले दोन खोल्यांचे फ्लॅट या कामाला वाड्यांपेक्षा बरे पडतात. वृद्धाश्रमाचा विचार असेल तर अंथरुणावरचा, नळी लावलेला रुग्ण घेतात का, हे फोनवरच विचारा. फेरी वाचेल.

पैशांचं: गोवा सरकारची आरोग्यविम्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचं संरक्षण ठरलं होतं. आजचे नियम आणि तुमच्या उपचाराला ती लागू आहे का, ते इस्पितळातल्या काउंटरवर विचारा. डायपर, ब्युरोची बाई, घरी येणारी थेरपिस्ट हा खर्च मात्र खिशातून होईल असंच धरून चला. अधूपण कायमचं राहिलं आणि ते ४० टक्के किंवा अधिक ठरलं तर अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारख्या मदतीला कागद लागतातच.

घरी आल्यावर वही बंद करू नका. पहिले दोन आठवडे रोज तीन ओळी लिहा: रात्री किती वेळा उठवलं, कातडी कुठे लाल झाली का, आज कुठलं काम कमी मदतीने झालं. माकडहाड, टाच आणि घोटे रोज बघायचे. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवायची औषधं बरं वाटतंय म्हणून थांबवायची नाहीत. चेहरा वाकडा झाला, बोलणं अचानक अडखळलं, दुसरंही अंग लुळं पडलं तर तेलमालीश करत बसू नका, वेळ लिहा आणि १०८ला फोन लावा. सहा आठवड्यांनी बार्थेल पुन्हा मोजा आणि चोवीस तासांचा तक्ता त्यावरून नव्याने काढा. बहुतेक घरांत तोवर रात्रीची एखादी चौकट रिकामी करता येते. ती सगळ्यात आधी त्या सुनेची करा.